चूक आणि निष्ठाभंग : वैमानिकांनी आपल्याच संघटनेकडे मागितलेला हिशेब

2 एप्रिल 2001 रोजी अमेरिकेतील ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या, म्हणजेच टीडब्ल्यूएच्या, वैमानिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्या सेवाकरारातील सर्वांत मोलाचे कलम स्वतःच्या हाताने सोडून दिले. कंपनी दुसऱ्या विमान कंपनीने घेतली, तर दोन्हीकडच्या वैमानिकांची एकत्रित ज्येष्ठता यादी न्याय्य पद्धतीने आणि गरज पडल्यास लवादामार्फत ठरेल, अशी हमी त्या कलमात होती. दहा वर्षांनी, जुलै 2011 मध्ये, न्यू जर्सीतील संघराज्य न्यायालयात ज्युरीने निर्णय दिला की या सगळ्या प्रकरणात एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे ‘आल्पा’, या संघटनेने आपल्याच सदस्यांचे न्याय्य प्रतिनिधित्व करण्याचे कर्तव्य मोडले. 2014 मध्ये आल्पाने 5 कोटी 30 लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवले. कामगार संघटनेवर मालकाने खटला भरणे नवे नाही. इथे मात्र संघटनेच्या वर्गणीदारांनीच तिला कोर्टात उभे केले आणि ते जिंकले. संघटनेने चूक केली, असे सदस्य म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे असते, आणि त्यातल्या कोणत्या चुकीचा जाब मागण्याचा त्यांना हक्क असतो, हा प्रश्न या प्रकरणाने जितक्या स्पष्टपणे पुढे आणला तितका क्वचितच कोणत्या प्रकरणाने आणला असेल. माझे म्हणणे असे की पराभव हा गुन्हा नाही आणि चुकलेला अंदाजही नाही; संघटना दोषी ठरते ती तिची निष्ठा विभागली जाते तेव्हा. आल्पाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींची ठळक उदाहरणे आहेत, म्हणून तो इतिहास शेजारीशेजारी ठेवून वाचायला हवा.

ज्येष्ठता यादीसाठी माणसे दहा-दहा वर्षे का भांडतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. वैमानिकाच्या नोकरीत जवळपास सगळे काही त्या यादीतल्या क्रमांकावर ठरते. कोणते विमान उडवायचे, डाव्या बाजूच्या कॅप्टनच्या खुर्चीत बसायचे की उजव्या बाजूच्या सहवैमानिकाच्या, कोणत्या शहरात तळ मिळणार, सणासुदीला घरी राहता येणार की नाही, आणि मंदी आली की आधी कोणाला घरी बसवणार, या सर्वांचे उत्तर एकच: तुमच्या वर किती जण आहेत आणि खाली किती. कौशल्य प्रत्येकाकडे असतेच, त्याचा परवाना सरकार देते. पण क्रमांक फक्त कंपनीतल्या वर्षांनी मिळतो. आणि तो दुसरीकडे नेता येत नाही. वीस वर्षे जेट विमान चालवलेला कॅप्टन नव्या कंपनीत गेला, तर तो यादीच्या तळाशी, नुकत्याच भरती झालेल्या तरुणाच्याही खाली जातो. त्यामुळे वैमानिक नोकरी बदलून अन्यायातून सुटका करून घेऊ शकत नाही. त्याची सारी कमाई एका यादीत गुंतलेली असते आणि ती यादी ठरवण्याच्या टेबलावर त्याच्या वतीने फक्त त्याची संघटना बसते.

ही ‘फक्त’ची गोष्ट कायद्याने आलेली आहे. अमेरिकेत 1926 चा रेल्वे कामगार कायदा 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार एका कंपनीतल्या एका वर्गाच्या कामगारांसाठी वाटाघाटी करण्याचा अधिकार बहुमताने निवडलेल्या एकाच संघटनेला मिळतो, आणि तिने केलेला करार तिला मत न दिलेल्यांवरही बंधनकारक असतो. मराठी वाचकाला ही व्यवस्था अपरिचित नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी उद्योगात राष्ट्रीय मिल मजदूर संघाला असेच एकमेव प्रतिनिधित्व दिले होते, आणि 1982 च्या संपात लाखो कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या दृष्टीने बोलण्याचा हक्क त्याच संघाकडे राहिला. एकाधिकार असा दिला की त्याला लगाम कोण घालणार, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत त्याचे उत्तर 1944 मध्ये मिळाले, तेही वंशद्वेषाच्या एका खटल्यातून. रेल्वे इंजिनांवर काम करणाऱ्या फायरमनच्या संघटनेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, पण करार मात्र तीच त्यांच्याही वतीने करत होती, आणि त्या करारांतून त्यांनाच कामावरून हटवत होती. स्टील या कृष्णवर्णीय फायरमनने लढलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने ज्याला सर्वांच्या वतीने बोलण्याची सत्ता दिली, त्याच्यावर सर्वांचे हित निःपक्षपणे सांभाळण्याचे कर्तव्यही त्याच कायद्याने टाकले आहे. 1967 च्या व्हाका प्रकरणात या कर्तव्याच्या भंगाच्या तीन कसोट्या ठरल्या: मनमानी, भेदभाव आणि अप्रामाणिकपणा. यांत अपयशाचे नाव नाही, आणि ते जाणूनबुजून नाही.

आल्पाचा स्वतःचा इतिहास हिशेब मागण्याच्या परंपरेने भरलेला आहे. 1931 मध्ये डेव्हिड बेंकी या वैमानिकाने ही संघटना उभारली. तेव्हा टपाल आणि प्रवासी विमाने चालवणारी माणसे दर महिन्याला मरत होती, आणि किती तास उडायचे याला धरबंध नव्हता. बेंकींनी महिन्याला 85 तासांची मर्यादा मिळवली, वैमानिकांना कायद्याचे संरक्षण मिळवून दिले. त्याच संस्थापकाला त्याच्याच सदस्यांच्या प्रतिनिधींनी 1951 मध्ये पदावरून दूर केले, कारण सर्व कारभार एका माणसाच्या हाती एकवटला होता आणि युद्धानंतरच्या मोठ्या, गुंतागुंतीच्या उद्योगाला तो पेलत नव्हता. 1963 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी आल्पाशी फारकत घेतली आणि अलाइड पायलट्स असोसिएशन, म्हणजे एपीए, ही स्वतःची संघटना काढली. नेत्याला हटवणे आणि संघटना सोडून जाणे, हे जाब विचारण्याचे दोन जुने मार्ग या व्यवसायात तेव्हापासून रुळलेले होते. तिसरा मार्ग, न्यायालयाचा, ऐंशीच्या दशकात आला.

1978 मध्ये अमेरिकेत विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि भाड्यांची स्पर्धा सुरू झाली. फ्रँक लॉरेन्झो यांच्या ताब्यातील कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने 24 सप्टेंबर 1983 रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, कामगारांबरोबरचे करार झुगारले, विमाने काही दिवस जमिनीवर ठेवली आणि मग सुमारे निम्म्या पगारावर पुन्हा सेवा सुरू केली. वैमानिकांनी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून संप पुकारला. आल्पाचा अंदाज असा की अनुभवी वैमानिकांशिवाय कंपनी फार दिवस टिकणार नाही. हा अंदाज सपशेल चुकला. काही संपकरी परतले, कंपनीने नवे वैमानिक भरले, आणि ऑगस्ट 1985 पर्यंत कामावर सुमारे 1,600 वैमानिक होते तर संपावर फक्त 1,000. संप फसला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीने कॅप्टन आणि सहवैमानिकांच्या 441 जागा एकदम जाहीर केल्या आणि त्या काम करणाऱ्यांनाच देणार असल्याचे सांगितले. संपकऱ्यांना परतण्याच्या वाटाच बुजवल्या जाणार होत्या. मग ऑक्टोबरच्या शेवटी आल्पाने जी तडजोड केली, तिच्यात संपकऱ्यांपुढे तीन पर्याय ठेवले गेले: सगळे दावे सोडून जागांच्या वाटपात भाग घ्यायचा, नोकरी सोडून सेवेच्या वर्षांप्रमाणे भरपाई घ्यायची, किंवा वैयक्तिक दावे चालू ठेवून पहिल्या पर्यायातील सर्वांच्या नंतर कामावर परतायचे. कॅप्टनच्या पहिल्या शंभर जागा कामावर असलेल्यांना, पुढच्या सत्तर परतणाऱ्या संपकऱ्यांना, आणि त्यानंतरच्या एकाआड एक, असे सूत्र ठरले.

संपकऱ्यांपैकी काही जणांनी आल्पावर खटला भरला. त्यांचे म्हणणे होते की बिनशर्त शरणागती पत्करली असती तरी आपली स्थिती याहून बरी राहिली असती, मग आमच्या वतीने हा करार केला कोणी आणि का? अपील न्यायालयाला हे म्हणणे विचारात घेण्याजोगे वाटले. पण 19 मार्च 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आल्पाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचा आशय असा: मागे वळून पाहता ही तडजोड वाईट ठरली असे धरले, तरी त्या वेळच्या परिस्थितीत ती पूर्णपणे अविवेकी नव्हती. तिने काही जागा लगेच मिळवून दिल्या आणि अनिश्चित कोर्टकचेऱ्या टाळल्या. वाटाघाटी करणाऱ्याला निर्णयाचा प्रशस्त अवकाश दिलाच पाहिजे. हा निकाल अनेक संपकऱ्यांना क्रूर वाटला असेल, आणि ज्यांनी दोन वर्षे पगाराविना काढली त्यांच्या दृष्टीने तो तसा होताच. तरीही तो योग्य होता, असे मला ठामपणे वाटते. प्रत्येक फसलेल्या संपानंतर नेत्यांना कोर्टात खेचता येऊ लागले, तर एकही नेता संप पुकारणार नाही आणि एकही नेता तो मिटवणारही नाही. दोन्हींत जोखीम असते. चुकीच्या अंदाजाची शिक्षा निवडणुकीत द्यायची असते, न्यायालयात नाही. कॉन्टिनेंटलच्या प्रकरणात आल्पाचे डोळे चुकले, पण तिचे तोंड आपल्याच माणसांच्या बाजूने होते.

टीडब्ल्यूएचे प्रकरण वरवर त्याच वळणाचे दिसते आणि म्हणूनच दोघांतला फरक महत्त्वाचा आहे. हॉवर्ड ह्यूजच्या काळात जगभर नावाजलेली ही कंपनी ऐंशीच्या दशकात कार्ल आयकॅन यांच्या ताब्यात गेली, कर्जाने दबली, आणि 1992 आणि 1995 मध्ये दोनदा दिवाळखोरीतून गेली. त्या काळात कर्मचाऱ्यांनी पगारकपात सोसून कंपनीत 45 टक्के हिस्सा घेतला होता. जानेवारी 2001 मध्ये तिसऱ्यांदा दिवाळखोरी आली आणि अमेरिकन एअरलाइन्सने मालमत्ता विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला. तोवरचा खर्च भागवण्यासाठी 20 कोटी डॉलरचे कर्जही देऊ केले. अट एक होती: टीडब्ल्यूएच्या करारांतील संरक्षण-कलमे जायला हवीत. ही कलमे 1972 च्या ॲलेगेनी आणि मोहॉक या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून आलेली होती, आणि न्याय्य एकत्रीकरणाची मोजपट्टी म्हणून या व्यवसायात मान्य होती. टीडब्ल्यूएचे वैमानिक सुमारे 2,300, अमेरिकनचे दहा हजारांहून जास्त, आणि अमेरिकनच्या वैमानिकांची संघटना एपीए. लवाद नसेल तर यादी लिहिण्याची लेखणी एपीएच्या हातात जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. दिवाळखोरीच्या कायद्यातील कलम 1113 खाली करारच रद्द करून घेण्याचा अर्ज टीडब्ल्यूएने दिला. हे कलम कॉन्टिनेंटलच्याच काळात, 1984 मध्ये, काँग्रेसने कामगारांना काहीसे संरक्षण देण्यासाठी केले होते. आता तेच दबावाचे हत्यार झाले. न्यायालय करार मोडील, कंपनी बुडेल, सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, असे सल्ले मिळाल्यावर प्रतिनिधींनी 2 एप्रिलला ते कलम सोडले. त्या बदल्यात न्याय्य एकत्रीकरणासाठी आपण वाजवी प्रयत्न करू, एवढे आश्वासन अमेरिकनने दिले.

इथपर्यंत ही कॉन्टिनेंटलसारखीच दुर्बळ बाजूची केविलवाणी तडजोड वाटते. पण या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही आल्पाची नजर होती. 1963 मध्ये दुरावलेले अमेरिकनचे वैमानिक परत आल्पात यावेत, यासाठी त्यांच्यातला एक गट प्रयत्न करत होता, आणि आल्पाच्या राष्ट्रीय नेतृत्वाला ते हवे होते. एपीएची अवस्थाही नाजूक होती: रीनो एअरच्या खरेदीवरून 1999 मध्ये अमेरिकनच्या वैमानिकांनी आजारपणाच्या रजा घेऊन जे आंदोलन केले, त्यात न्यायालयाचा आदेश डावलल्याबद्दल संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड झाला होता. दहा हजारांहून अधिक वर्गणीदार परत येण्याची संधी कोणत्याही संघटनेला मोहात पाडणारी असते. मात्र ज्यांना आपल्याकडे ओढायचे, त्यांच्याच यादीत टीडब्ल्यूएच्या वैमानिकांची वरची जागा मागायची होती. फिर्यादींनी ज्युरीपुढे मांडले ते हेच: आल्पाने आपल्या दुबळ्या सदस्यांना लढण्याचे मार्ग दाखवले नाहीत, आणि जे दाखवले ते नाउमेद करून दाखवले, कारण त्यांच्यासाठी जोरात भांडणे तिला महाग पडले असते. ज्युरीने हे मान्य केले. आल्पाने कोणाशी गुप्त करार केला असे सिद्ध होण्याची गरज नव्हती. दोन धन्यांची चाकरी करताना एकाच्या वाट्याला थंडपणा आला, एवढे पुरेसे होते.

या थंडपणाची किंमत लवकरच दिसली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर हवाई प्रवास कोसळला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन आणि एपीएने आपल्या कराराला ‘सप्लिमेंट सीसी’ नावाचे पुरवणीपत्र जोडले. त्यात टीडब्ल्यूएचे काही वरिष्ठ वैमानिक अमेरिकनच्या वैमानिकांमध्ये विरळ मिसळले, आणि निम्म्याहून अधिक थेट यादीच्या तळाशी लावले गेले. दशकाहून अधिक काळ विमाने उडवलेले लोक अमेरिकनमध्ये त्याच वर्षी भरती झालेल्यांच्या खाली गेले. सेंट लुईस तळावर त्यांना काही कप्तानपदे राखून ठेवण्याची तरतूद होती, पण 2003 मध्ये अमेरिकनने त्या तळाची उड्डाणे निम्म्याने घटवली आणि ते संरक्षणही पोकळ झाले. कपात आली ती यादीच्या तळापासून वर, म्हणजे आधी त्यांच्यावरच. 1 डिसेंबर 2001 रोजी टीडब्ल्यूएच्या नावाने शेवटचे विमान उडाले. एप्रिल 2002 मध्ये या वैमानिकांची संघटना म्हणून एपीएला मान्यता मिळाली आणि आल्पाचा त्यांच्याशी संबंध संपला. ज्या संघटनेला त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी दिली, तिने त्यांचे सर्वांत मोठे भांडण त्यांच्याच हातात सोडून दिले होते.

2002 मध्ये दाखल झालेला दावा खालच्या न्यायालयाने आधी फेटाळला. 2004 मध्ये अपील न्यायालयाने आल्पाविरुद्धचा भाग पुन्हा जिवंत केला. अमेरिकन आणि एपीएविरुद्धचे दावे टिकले नाहीत, कारण त्या वेळी एपीएचे कर्तव्य तिच्या स्वतःच्या सदस्यांपुरतेच होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्यांनी यादी लिहिली ते कायद्याने दोषी नव्हते. जिने ती लिहू दिली ती दोषी ठरली. इथे पहिला आक्षेप येतो: आल्पाच्या हातात होते तरी काय? कंपनी पैशावाचून बंद पडायच्या बेतात होती, न्यायालय करार रद्द करण्याचीच शक्यता जास्त, खरेदीदार दुसरा नाही. हा आक्षेप हलका नाही, आणि 1991 चा निकाल मान्य असेल तर तो गांभीर्याने घ्यायलाच हवा. पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आल्पाला जिंकता आले असते का, हा नुकसानभरपाईचा प्रश्न आहे. ती जिंकण्यासाठी झटली का, हा कर्तव्याचा. ज्या डॉक्टरने रोगी वाचणार नाही असे मनाशी ठरवून उपचारच टाळले, त्याला रोग असाध्य होता असे म्हणून सुटता येत नाही. दुबळ्या बाजूजवळही काही साधने असतात: कोर्टात विरोध, काँग्रेसमधील दबाव, वेळ. अमेरिकनलाही हा व्यवहार लवकर पुरा व्हायला हवा होता, आणि घाई असलेल्या खरेदीदाराकडून काहीतरी मिळवता येतेच.

दुसरा आक्षेप असा की निर्णय राष्ट्रीय नेतृत्वाने घेतलाच नाही. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांच्या स्वतःच्या निवडलेल्या समितीने मतदान करून कलम सोडले. लोकशाहीत मत देणाऱ्यानेच परिणाम भोगावा, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण संमतीला वजन येते ते तिच्यामागच्या माहितीने. समितीचे सभासद विमान चालवणारे लोक होते, दिवाळखोरीचे कायदेतज्ज्ञ नव्हते. पर्याय किती आहेत आणि प्रत्येकाची शक्यता किती, हे त्यांना आल्पाचेच वकील आणि सल्लागार सांगत होते. सल्लागाराचे हित दुसरीकडेही अडकलेले असेल आणि ते त्याने उघड केले नसेल, तर त्या सल्ल्यावर उभ्या राहिलेल्या संमतीचा आधारच डळमळतो. तिसरा आक्षेप 11 सप्टेंबरचा: खरे नुकसान दहशतवाद्यांनी आणि मंदीने केले. हे अर्धे खरे आहे. मंदीने किती जणांना घरी बसवायचे ते ठरवले. पण कोणाला बसवायचे ते यादीने ठरवले, आणि यादीला लगाम घालणारे कलम एप्रिलमध्येच गेले होते. संरक्षणाची गरज वाईट दिवसांतच लागते. वाईट दिवस आले म्हणून संरक्षण काढून घेणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

मग 5 कोटी 30 लाख डॉलरने हिशेब मिटला का? रकमेला वैमानिकांच्या संख्येने ढोबळ भागले, तर वकिलांचा खर्च वजा होण्याआधी माणशी सरासरी तेवीस हजार डॉलरच्या आसपास येतात. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या पगारातील एका वर्षाचा फरकही कित्येकदा याहून मोठा असतो. आणि यादीतला क्रमांक परत मिळाला नाहीच. शिवाय निकाल संघटनेविरुद्ध होता, कोणा एका पदाधिकाऱ्याविरुद्ध नव्हता. संघटनेचा पैसा म्हणजे शेवटी सदस्यांच्याच वर्गणीचा पैसा. 2001 मध्ये भरतीही न झालेल्या वैमानिकांनी त्या काळच्या नेत्यांच्या निष्ठाभंगाचा भार उचलला, तेव्हा पैशाच्या भरपाईची मर्यादा उघडी पडली. खरी दुरुस्ती कायद्यात झाली. मिझुरीच्या दोन सिनेटरांनी, डेमोक्रॅट क्लेअर मॅकॅस्किल आणि रिपब्लिकन किट बाँड यांनी, पुढे केलेली तरतूद डिसेंबर 2007 मध्ये कायद्यात आली. विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात ॲलेगेनी-मोहॉक पद्धतीचे न्याय्य एकत्रीकरण आणि लवाद त्यामुळे बंधनकारक झाले. टीडब्ल्यूएच्या लोकांना त्याचा उपयोग झाला नाही, पण त्यांचे जे गेले ते पुढच्यांचे जाऊ नये याची सोय झाली. 2013 मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या, तेव्हा ज्या एपीएने एकदा यादी एकतर्फी लिहिली होती तिलाही लवादापुढे बसावे लागले.

त्याच यूएस एअरवेजची गोष्ट उलट्या बाजूने हेच शिकवते. 2005 मध्ये तिचे अमेरिका वेस्टशी विलीनीकरण झाले. दोन्हीकडचे वैमानिक आल्पाचेच, म्हणून आल्पाच्या धोरणानुसार लवाद नेमला गेला आणि जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये यादी दिली. संख्येने जास्त असलेल्या पूर्वेकडच्या, म्हणजे यूएस एअरवेजच्या, जुन्या वैमानिकांना ती मान्य नव्हती. त्यांनी 2008 मध्ये आल्पालाच बाहेर काढून यूएसएपीए ही नवी संघटना निवडून आणली आणि लवादाची यादी बाजूला ठेवली. जाब विचारण्याचा जुना मार्ग, संघटना बदलण्याचा, इथे पूर्णपणे वापरला गेला. पण त्यातून न्याय झाला नाही. पश्चिमेकडच्या, म्हणजे अमेरिका वेस्टच्या, अल्पसंख्य वैमानिकांनी नव्या संघटनेवर तोच दावा केला, आणि वर्षानुवर्षांच्या वादानंतर 2015 मध्ये अपील न्यायालयाने तिनेही न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडल्याचे ठरवले. बहुमताचा राग हा हिशेबाचा पर्याय होऊ शकत नाही. निवडणूक संघटनेला बहुसंख्यांसमोर उत्तरदायी करते; अल्पसंख्यांसमोर उत्तरदायी करण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, आणि ज्येष्ठतेच्या भांडणात कोणीतरी अल्पसंख्य असतेच.

हा धडा आपल्याकडेही लागू पडतो. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या: मुंबईत मूळ धरलेली इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. 2012 मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी मे ते जुलै असा जवळपास दोन महिने संप केला, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला दिले जात होते. दोन्ही वेळा संघटनांची मान्यता काढून घेतली गेली आणि वैमानिकांना बडतर्फीला तोंड द्यावे लागले. ज्येष्ठता आणि पदांचे एकत्रीकरण कसे करायचे, हे सांगण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती विलीनीकरणानंतर चार वर्षांनी नेमली गेली. न्याय्य एकत्रीकरणाचा नियम आधी ठरलेला नसला की प्रत्येक संघटना आपल्या गटाची वकील होते, आणि मग तिची लढाई मालकाऐवजी सहकाऱ्याशी होऊ लागते. इथे संघटनांच्या निष्ठेत फूट नव्हती. फुटलेली व्यवस्थाच होती. त्यामुळे या संपांचा हिशेब कॉन्टिनेंटलच्या खात्यात मांडायला हवा, टीडब्ल्यूएच्या नव्हे, आणि तो नेत्यांइतकाच सरकारकडूनही मागायला हवा.

संघटनेच्या चुका अशा चव्हाट्यावर मांडल्या की मालकांच्या हातात कोलीत मिळते, अशी भीती अनेक निष्ठावान कार्यकर्त्यांना वाटते. त्या भीतीला आधार आहे. लॉरेन्झोंसारख्यांनी संघटनेची प्रत्येक फूट वापरली. पण आल्पाच्या इतिहासाने दाखवले ते उलट. 1951 मध्ये संस्थापकाला दूर करणारी संघटना मोडली नाही, वाढली. 1991 मध्ये तिला मिळालेले संरक्षण या विश्वासावर उभे होते की ती प्रामाणिकपणे चुकते. 2001 मध्ये तिने तोच विश्वास गमावला, आणि त्याचे नुकसान कोणत्याही मालकाच्या टीकेहून मोठे झाले. म्हणून उत्तरदायित्व कशाचे, हे संघटनांनी स्वतःच आधी लिहून ठेवायला हवे. जिथे नेतृत्वाचे हित सदस्यांच्या एखाद्या गटाच्या हिताशी टक्कर घेऊ शकते, तिथे ते त्या गटाला लेखी कळवले पाहिजे. त्या गटाला संघटनेच्या खर्चाने पण संघटनेपासून स्वतंत्र वकील मिळाला पाहिजे. वाटाघाटींतला प्रत्येक सोडलेला हक्क कोणत्या सल्ल्यावर सोडला, याची नोंद राहिली पाहिजे आणि ठरावीक काळाने ती सर्व सदस्यांसाठी खुली झाली पाहिजे. या तरतुदी असत्या, तर टीडब्ल्यूएचे वैमानिक कदाचित तरीही हरले असते. पण आपण हरलो ते परिस्थितीपुढे की आपल्याच माणसांच्या दुटप्पीपणामुळे, हे शोधायला त्यांना दहा वर्षे आणि एक ज्युरी लागली नसती. पराभव सोसण्याची ताकद कामगारात असते. त्याला सोसत नाही ते आपल्या बाजूने बसलेला माणूस खरोखर आपल्याच बाजूने होता की नाही, हे न कळणे. त्या शंकेला जागाच उरू नये अशी व्यवस्था करणे, हे संघटनेचे पहिले काम आहे.